मॅक्सच्या वरची जागा

काकांनी टाकी काठोकाठ भरली होती, आणि इतक्या आस्थेनं भरली होती की त्यांना काही बोलणं माझ्या जिवावर आलं. आदल्या संध्याकाळी आम्ही बाबांच्या अँबॅसेडरला नवी एक्स्पान्शन टाकी, म्हणजे इंजिनातलं तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी, बसवली होती. पांढुरकी, प्लास्टिकची, अंगावर मिन आणि मॅक्स अशा दोन उठावदार रेघा. इंजिन थंड असताना कूलंट मॅक्सपर्यंत, म्हणजे टाकीच्या निम्म्याच्या जरा वर, आणि त्याच्यावर नुसती हवा. बॉनेट रात्री उघडंच राहू दिलं होतं. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यांच्या आधी उठतात ते शेजारचे काका. तुळशीला पाणी घालून ते फाटकातून आत आले, टाकी अर्धी दिसली, आणि झारीत उरलेलं पाणी त्यांनी टाकीच्या गळ्यापर्यंत ओतून टोपी घट्ट बसवली. मग आम्ही उठलो, भाच्यानं गाडी काढली, अन्नपूर्णेपर्यंत एक फेरी झाली. तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर. परत येऊन गाडी अंगणात लावली, इंजिन बंद केलं, आणि चहाचा पहिला घोट घेतोय तोवर टोपीखालून फुस्स आवाज आला. हिरवट पाणी पुढच्या चाकावरून फरशीवर उतरलं. तापल्या फरशीवरून त्याचा गोडसर, औषधी वास वर आला. काका चपला न घालताच धावत आले. "दुकानदारानं फुटकी टाकी दिली गं तुला!"

टाकी फुटकी नव्हती. टोपीही नीट होती. दोघींनी आपापलं काम चोख केलं होतं. हे समजावून सांगितल्यावर, झारीतल्या पाण्याची गोष्ट कळल्यावर, काका थोडे गप्प झाले आणि मग म्हणाले, "पण अर्धी रिकामीच ठेवायची, तर एवढी मोठी टाकी बसवलीच कशाला?"

उत्तर मी तिथल्या तिथे दिलं. प्रश्न मात्र दिवसभर माझ्याबरोबर राहिला.

उत्तर तसं आकड्यांत बसतं. पाणी 20 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापलं की साधारण साडेतीन टक्क्यांनी फुगतं. इंजिन, रेडिएटर आणि नळ्या मिळून सहा-सात लिटर पाणी फिरत असेल, तर त्यातलं पाव लिटरच्या आसपास पाणी तापल्यावर जागा मागतं. त्यात ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, मिसळलेलं असेल तर थोडी जास्तच. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून मॅक्सच्या वर जी हवा दिसते ती उरलेली जागा नाही, मुद्दाम राखलेली आहे. पाणी फुगतं, हवा आकसते, सगळ्या व्यवस्थेत बेताचा दाब तयार होतो आणि टोपी बंदच राहते. हवेला जागाच ठेवली नाही तर फुगणारं पाणी थेट टोपीच्या स्प्रिंगला भिडतं, स्प्रिंग उचलली जाते, पाणी बाहेर. आणि हे रस्त्यावर न होता अंगणात झालं यालाही कारण आहे. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पंखा थांबतो, पण इंजिनाच्या डोक्याच्या (सिलिंडर हेडच्या) बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साठलेली उष्णता कुठे जात नाही. ती तिथल्या तिथे उभ्या पाण्यात उतरत राहते. बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं म्हणूनच सगळ्यात तापट असतात. चहा घेताना आलेला तो आवाज अगदी वेळेवर आला होता.

या टोपीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांना ती नुसतं झाकण वाटते. तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगनं खाली दाबलेली. ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की उघडते. घरातल्या कुकरच्या शिटीचं जे काम तेच तिचं, आणि कारणही तेच: दाब वाढवला की पाणी उशिरा उकळतं. दर पौंडामागे (म्हणजे चौरस इंचाला एक पौंड दाबामागे) साधारण दीड-पावणेदोन अंश. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांना उकळतं. सात पौंडांची टोपी लावली की तेच पाणी 110 च्या आसपास टिकून राहतं, कूलंट निम्मं मिसळलं तर आणखी सात-आठ अंश. दुसरी झडप इवलीशी, मोठीच्या पोटात, उलट्या दिशेनं उघडणारी. इंजिन निवलं की आतलं पाणी आकसतं, पोकळी तयार होते, तेव्हा ही बारकी झडप उघडून बाहेरचं आत घेते. ती अडकली तर सकाळी रबरी नळ्या चपट्या झालेल्या सापडतात. नळी खराब म्हणून लोक नळी बदलतात. दोष टोपीत असतो.

बाबांच्या काळात हे सगळं उघड्यावर होतं. अँबॅसेडरच्या रेडिएटरच्या गळ्यातून एक बारीक नळी खाली जायची आणि फुगलेलं पाणी तिच्यातून रस्त्यावर पडायचं. एकदा गेलं ते गेलं. परत यायला त्याला वाटच नव्हती. म्हणून दर सकाळी टोपी उघडून पाणी बघायचं, कमी झालेलं भरायचं. बाबांचं ते पूजेच्या आधीचं काम. मी लहानपणी गाडी म्हटलं की पहिल्यांदा पाणीच ऐकलेलं आहे. "पाणी बघितलंस?" हा प्रश्न आमच्या घरात गाडी निघताना विचारला जायचा, पेट्रोलचा नंतर.

मे महिन्यात आम्ही आग्रा-मुंबई रस्त्यानं धुळ्याला आजोळी जायचो. मानपूरपासून घाट उतरायला लागला की निमाडची झळ खिडकीतून तोंडावर यायची. बंपरला कॅनव्हासची छागळ टांगलेली, ओली, वाऱ्यानं आतलं पाणी थंड झालेलं. खलघाटला नर्मदा. तिथे थांबून आई आणि आत्या पायऱ्या उतरून जायच्या, बाबा डबा भरून घ्यायचे. मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासनचा घाट, आणि पुढे शिरपूरच्या बाजूला पोचलं की हवेतली भाषा बदलायची. जाताना फारसं काही व्हायचं नाही. खरी परीक्षा परतताना, गुजरीकडून माळव्याच्या पठारावर चढताना. पाठीमागून वारा, गिअर दुसरा, समोर हळू चाललेला ट्रक. काट्यापेक्षा आधी वास सांगायचा: तापलेलं रबर, गंज, आणि ओल्या लोखंडाचा कडवट वाफारा. बाबा गाडी बाजूला घेत, पण इंजिन लगेच बंद करत नसत. बॉनेट उघडून ते चालू ठेवत, पंखा फिरू देत. मग गोणपाट ओलं करून टोपीवर टाकत, आम्हाला "मागे व्हा" म्हणून ओरडत, आणि टोपी पाव वळण सोडून थांबत. वाफ संपेपर्यंत पुढचं वळण नाही. त्या घाईत टोपी पूर्ण काढली तर दाब एकदम सुटतो, आणि जे पाणी दाबामुळे पाणी म्हणून राहिलं होतं ते त्या क्षणी उकळून अंगावर येतं. रस्त्याकडेला अशानं भाजलेले ट्रकवाले बाबांनी पाहिले होते. नर्मदेचं पाणीसुद्धा ते हळूहळूच ओतत, इंजिन चालू ठेवून, कारण तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी पडलं तर बीड तडकतं.

आत्याला हे थांबे आवडत. हे तिनं मला अगदी अलीकडे सांगितलं. घरच्या बायकांना प्रवासात कुणी विचारून थांबत नसे. गाडी मात्र स्वतःहून थांबायची, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. पळसाखाली सतरंजी, डब्यातल्या दशम्या, लसणाची चटणी, आणि घाटाखाली पसरलेलं निमाड. "इंजिन निवेपर्यंत तासभर आमचा," ती म्हणाली. बाबांचा त्या तासातला चेहरा मला आठवतो, घामेजलेला, चिडलेला. आत्याला तोच तास सुखाचा म्हणून आठवतो. दोन्ही खरं असावं.

गाडी पुन्हा चालू करायची हे ठरलं तेही आत्यामुळेच. बाबा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. पुण्याच्या बहिणीचं म्हणणं, कुणी हौशी माणूस सापडला तर देऊन टाकू. आत्या म्हणाली, "द्यायची तर द्या, पण आधी मला तिच्यातून एकदा महेश्वरला न्या." बहिणीचा मुलगा इथे एसजीएसआयटीएस या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे, त्याला तर निमित्तच हवं होतं. छावणीतले एक म्हातारे उस्ताद बाबांच्या वेळेपासून ही गाडी ओळखतात. त्यांना बोलावलं.

उस्तादांनी इंजिनाच्या ब्लॉकच्या मागल्या अंगाची तोटी उघडली. थेंब नाही. तार घालून खरवडल्यावर आधी तांबूस गाळ सुटला, मग पाणी. रेडिएटरची खालची तोटी उघडली तर पांढरट खपल्या. हा सगळा इतिहास आमच्या नळाचा आहे. आमच्याकडे जुनं बोरिंग होतं आणि माळव्याच्या काळ्या कातळातलं ते पाणी जड. त्यातला चुना गरम झाल्यावर विरघळलेला राहत नाही, नेमका जिथे सगळ्यात गरम तिथे जाऊन बसतो, आणि धातूच्या मानानं उष्णता फारच कमी जाऊ देतो. नर्मदा इंदूरला आली 1978 मध्ये. 1970 चं आंदोलन आमच्या घरात अजून सांगितलं जातं, गावातले लोक पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. जलूदला नर्मदेतून उचललेलं पाणी विंध्याच्या कड्यावर चढवून इथपर्यंत आणतात. मोटारीला चढताना धाप लागते त्याच चढावर हे पाणी रात्रंदिवस चढतंय, हे मला बागेच्या नळीनं रेडिएटर धुताना पहिल्यांदा जाणवलं. धुवायचा तो उलटा: पाणी नेहमी वरून खाली जातं, म्हणून नळी खालून लावायची, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेनं बाहेर पडतं. पण पुढे भरायला आम्ही नळाचं पाणी वापरलं नाही. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणले. आत्या खिडकीतून म्हणाली, "नर्मदेचं चालत नाही का तुमच्या इंजिनाला?" भाचा म्हणाला, "आजी, नर्मदेचं तुमच्यासाठी. याला बेचव लागतं."

धुऊन झाल्यावर त्यानं रेडिएटरचा गाभा उन्हासमोर धरला आणि आरपार बघत राहिला. मीही पाहिलं. पातळ नळ्या, त्यांच्यामधल्या पितळी पट्ट्या, काही वाकलेल्या, काहींत कधीकाळी अडकलेली फुलपाखराची पंखं. सुरुवातीच्या मोटारींना हे असलं काही नव्हतं. पुढे 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्येसुद्धा, रेडिएटर असूनही, बहुतेक काळ पंप नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर जायचं, थंड झालेलं खाली यायचं, तेवढ्यावर काम चालायचं. त्याच्याही आधी, 1900-01 च्या सुमारास, विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. तेव्हा कुठे मोटार कमी पाण्यात जोरात धावू लागली. पेट्रोल जाळून निघालेल्या उष्णतेतला ढोबळमानानं एक तृतीयांश भाग याच वाटेनं बाहेर टाकावा लागतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो, आणि उरलेल्यात गाडी चालते. म्हणजे चाकं फिरवायला जेवढी ताकद लागते जवळजवळ तेवढीच ही जाळी गुपचूप हवेत सोडत असते. या जाळीबद्दल मला तेव्हापासून आदर वाटायला लागला आहे.

थर्मोस्टॅटवरून, म्हणजे पाण्याच्या वाटेतल्या तापल्यावर उघडणाऱ्या झडपेवरून, उस्ताद आणि मी थोडे भांडलो. तो आमच्या गाडीत नव्हताच, कधीतरी कुणीतरी काढून टाकला होता. आपल्याकडे ही रीतच पडली आहे. गाडी तापते म्हटलं की पहिला उपाय, वॉल (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढा. उस्ताद म्हणाले, "बहनजी, अपने यहाँ की गर्मी में उसका क्या काम?" मला ही रीत मुळीच पटत नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. थर्मोस्टॅट पाणी अडवतो ते इंजिन थंड असेपर्यंतच. 82 अंशांला तो उघडायला लागतो आणि पुढे त्याची अडचण उरत नाही. तो नसला तर थंडीतल्या सकाळी इंजिन तापायलाच कितीतरी किलोमीटर जातात, तेवढा वेळ तेल जाड, पेट्रोल जास्त, सिलिंडरची झीज जास्त. आणि एवढं करून तापण्याचं मूळ कारण, म्हणजे तो चुन्याचा थर, तिथेच राहतं. उस्तादांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मग आम्ही तो स्वयंपाकघरात नेला. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला नवा थर्मोस्टॅट, शेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर. आई, आत्या, उस्ताद, भाचा, सगळे गॅसभोवती. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. मग अगदी केसाएवढी फट. त्या तांब्याच्या डबीत मेण असतं, ते वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. वीज नाही, तार नाही. नव्वदच्या पुढे तो पूर्ण उघडला, पातेलं खाली उतरवल्यावर सावकाश मिटला. उस्तादांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, म्हणाले, "चालीस साल से निकाल रहा हूँ। खुलते हुए आज देखा।" बसवताना त्यातली बारीक छिद्राची पिन वरच्या बाजूला येईल हे त्यांनीच पाहिलं, कारण अडकलेली हवा तिथूनच निसटते.

टोपीच्या बाबतीत मात्र उस्तादांचंच खरं. सियागंजातल्या दुकानदारानं नव्या गाड्यांची पंधरा पौंडांची टोपी पुढे केली, "भिया, इससे तो कभी उबलेगी ही नहीं." भाच्यालाही ती हवीशी वाटली. उस्ताद म्हणाले, पितळेचा रेडिएटर आहे, कथलाचे टाके आहेत, साठ-सत्तरच्या दशकातल्या दाबाची त्यांना सवय. पंधरा पौंड घातले तर पाणी उकळणार नाही, टाके उकलतील. सात पौंडांचीच घेतली. मला वाटतं जुन्या गाडीवर काम करताना हे शहाणपण सगळ्यात अवघड आहे. नवं काय आणि किती बसवायचं, हे आधी जुन्याला विचारावं लागतं.

जोडणी अशी केली. टाकी फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळ, रेडिएटरच्या गळ्यापेक्षा उंच, कारण हवा वर जाते आणि व्यवस्थेतली सगळ्यात उंच जागा टाकीच असायला हवी. रेडिएटरच्या गळ्याला आता साधी टोपी, फक्त वरच्या कडेला बसणारी, दाबाची झडप नसलेली. त्यामुळे जी बारीक नळी पूर्वी रस्त्यावर पाणी टाकायची तीच आता हवा आणि फुगलेलं पाणी टाकीच्या वरच्या भागात आणून सोडते. टाकीच्या तळातून एक जाड नळी खाली पंपाच्या ओढीच्या बाजूला, टी (तीन तोंडांचा जोड) घालून. दाबाची टोपी टाकीवर. एवढं करून भरायला लागलो, आणि भरण्यातच अर्धी दुपार गेली. घाईनं ओतलं की हवेचे खिसे आत राहतात. इंजिनाच्या डोक्यात कुठे वाफेचा बुडबुडा बसला तर तिथलं बीड कोरडं तापतं, आणि सगळ्यात घातक गोष्ट ही की सेन्सर हवेत आला तर काटा वर जात नाही, खाली येतो. पाणी संपलेली गाडी काट्यावर थंड दिसते. काट्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं. म्हणून गाडीचं नाक उताराच्या उलट बाजूला, म्हणजे चढावर, टोपी काढलेली, इंजिन मंद चालू, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं वरची-खालची नळी हातानं दाबतोय. टाकीत बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओतायचं. मग एका क्षणी वरची नळी हाताला अचानक गरम लागते. थर्मोस्टॅट उघडला. तो क्षण फार छान असतो. लगेच टाकीत आणखी मोठे बुडबुडे, पुन्हा ओतणं, आणि मग बुडबुडे थांबतात.

सांडलेलं कूलंट पुसायला मी ओलं फडकं घेऊन तीनदा फिरले. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली मांजरं चाटून जातात. धुतलेलं सुरुवातीचं पाणी गटारात न सोडता उस्तादांच्या पिंपात दिलं. आणखी एक गैरसमज: लोकांना वाटतं कूलंटमुळे गारवा येतो. उष्णता वाहून न्यायला साधं पाणी जास्त चांगलं. एक किलो पाणी एका अंशाला 4.18 किलोज्यूल घेतं, निम्मं ग्लायकॉल घातलं की साधारण साडेतीन. इंदूरला ते गोठण्याची भीतीही नाही. ते घालायचं ते गंज रोखणाऱ्या द्रव्यांसाठी आणि उशिरा उकळावं म्हणून. तसंच टाकीचं. टाकी इंजिन एक अंशानंही थंड करत नाही. आत आहे ते आत ठेवते, हवा बाहेर ठेवते, बस.

इतकं सगळं मला माहीत होतं, आणि तरी काकांना उत्तर देताना काहीतरी सुटतंय असं वाटत राहिलं. त्यांना आकडे नको होते. त्यांच्या आणि बाबांच्या पिढीनं काळजी घेणं म्हणजे भरणं असंच शिकलेलं आहे. डबा भरून द्या, ताट भरून वाढा, बाहेर पडताना रिकामा हंडा समोर येऊ देऊ नका. बोरिंग आटलेल्या, टँकरची वाट पाहिलेल्या गावात पाण्याचं भांडं अर्धं ठेवणं म्हणजे हयगय. आणि त्या जुन्या गाडीत ते बरोबरही होतं. तिचं पाणी रोज गळायचं, रोज भरणारा माणूस हा त्या इंजिनाचा एक भागच होता. बाबा गेल्यावर काका सकाळी गाडीकडे बघत असणार, मला कधी लक्षात आलं नव्हतं. आता बंद व्यवस्था आली. तिला रोज उघडायचं नाही, रोज ओतायचं नाही, फक्त लांबून रेघ बघायची. काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातातली झारी आम्ही काढून घेतली आणि त्याला नुसतं बघायला सांगितलं. हे सोपं नाही. मी तरी त्याला सुधारणा म्हणून पुरती खूश नाही, आणि परत उघड्या नळीकडेही जाणार नाही. इंजिन वाचतंय, हे मला जास्त महत्त्वाचं.

महेश्वरला काकांना बरोबर घेतलं. ते पुढे बसले, काट्यासमोर. जाताना उतार, काही प्रश्न नव्हता. घाटावर आत्यानं अहिल्याबाईंच्या वाड्याकडे पाठ करून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ बसली. परतताना गुजरीचा चढ लागला. दुपारचे चार, बाहेर बेचाळीसच्या वर असावं, आता रस्ता चौपदरी आहे पण चढ तोच. काटा मध्याच्या जरा पुढे गेला आणि तिथेच राहिला. काका दर वळणाला मोठ्यानं सांगत होते, "तिथेच आहे, तिथेच आहे." आत्या मागून म्हणाली, "इथे कुठेतरी पळस होता." भाच्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. थांबायची गरज नव्हती. आम्ही थांबलो. इंजिन दोन मिनिटं चालू ठेवलं, मग बंद केलं. काका उतरून बॉनेटशी गेले आणि टाकी बघून हाक मारली, "अगं, मॅक्सच्या वर दोन बोटं आलंय!" ती दोन बोटं त्यांनी आत्यालाही नेऊन दाखवली. घरी पोचून रात्रभर निवल्यावर पातळी परत रेघेवर होती, आणि ते पाहिल्यावर काकांनी मला बोलावून घेतलं.

आता पंपाच्या खालच्या भोकातून एक थेंब यायला लागला आहे. ते भोक त्यासाठीच असतं, आतलं सील झिजू लागलं की बेअरिंगपर्यंत पाणी जायच्या आधी ते बाहेर दिसावं म्हणून. थेंब काकांनाच आधी दिसला. उस्ताद म्हणतात दिवाळीपर्यंत चालेल. मी म्हणते आत्ताच बदलू, बेअरिंग गेलं तर पंखा सैल होऊन रेडिएटरमध्ये घुसेल, आणि तो रेडिएटर पुन्हा मिळायचा नाही. पंप उतरवायचा म्हणजे सगळं कूलंट काढायचं, गाळून ठेवायचं, पुन्हा नाक चढावर लावून भरायचं. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "विकायच्या गाडीवर एवढा खर्च?" पंपाची ऑर्डर दिली आहे. सील किटही सांगितलं आहे, जुना पंप उस्ताद स्वतः खोलून बघणार आहेत.